पवनीच्या शिक्षकांना खुले पत्र : मुलांना आपलं गाव पायी दाखवा

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी शहर आणि तालुक्यातल्या सर्व शाळांमधल्या शिक्षक-शिक्षिकांना,

सप्रेम नमस्कार.

सध्या शाळांना कुलूप आहे. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर घंटा वाजते, आपल्या विदर्भात उन्हामुळे जून सरता सरता. म्हणजे नव्या वर्षाचं नियोजन कागदावर उतरायला अजून अवकाश आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. मागणं एकच आहे. येत्या वर्षात प्रत्येक वर्गाला एक सकाळ अशी द्या, की मुलं आपल्याच गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाबरोबर पवनीतून पायी फिरतील. ही सहल नाही. बस नको, वर्गणी नको, डबासुद्धा घरी परतून खाता येईल. पण तो दिवस शाळेचा धरा, त्यावर मुलांना लिहायला लावा, आणि ती वही इतिहासाच्या वहीइतक्याच आस्थेनं तपासा.

हे मनात कसं आलं ते सांगते.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. दुपारी पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला होता. संध्याकाळी एकाएकी वावटळ उठली, पावसाचे चार थेंब पडले आणि लाईन गेली. तासाभरात येईल म्हणून सगळे थांबले. कूलर बंद, इन्व्हर्टर आधीच थकलेला, भिंती हात लावू देईनात. गल्लीतली घरं एकेक करून ओट्यावर आली. कोणी बाज बाहेर काढली, कोणी अंगणात पाणी शिंपडलं. माझा सातवीतला मुलगा मोबाईलची बॅटरी संपल्यानं कावला होता. तेवढ्यात शेजारच्या आजी काठी घेऊन फाटकात आल्या आणि म्हणाल्या, "घरात बसून का करता? चाला, मी दाखवतो तुमाले पवनी."

आजी कोष्टी, म्हणजे विणकर घरातल्या. जन्म पवनीतला, लग्नही पवनीतच. मी इथली सून, माहेर वर्ध्याकडचं. बँक, दवाखाना, बाजार आणि बसस्टँड एवढ्या वाटा मला पाठ आहेत. आजींना पाठ असलेली पवनी वेगळी आहे, आणि ती दाखवायला त्यांना दिव्याची गरज नव्हती.

पहिल्यांदा त्या आम्हाला त्यांच्या माहेरच्या गल्लीत घेऊन गेल्या. टॉर्च मुलाच्या हातात. मधेच थांबून त्यांनी त्याला विचारलं, "हे गल्ली येवढी सरळ काहून हाय, सांग बरं?" त्याला सांगता येईना. मग म्हणाल्या, पहाटे इथं पाजणी चालायची. धाग्यांचा ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबवायचा, त्याला खळ लावायची, कुंच्यानं विंचरायचं आणि ऊन चढायच्या आत उचलायचं. वाकड्या गल्लीत ताणा धरता येत नाही. पवनीचं धोतर आणि पागोटं एके काळी दूरच्या बाजारात नावानं मागितलं जायचं, हे मी ऐकून होते. पण त्या कापडासाठी गल्ली सरळ राहिली, हे एखाद्या पुस्तकात सापडेल असं मला वाटत नाही. एका बंद घरापुढे आजींनी काठी आपटली. "इथं माह्या बापाचा माग होता. खड्ड्यात पाय सोडून बसे तो." आता तिथं मोटारसायकली उभ्या असतात. मुलानं विचारलं, आडवा धागा नेणारा धोटा किती जोरात जायचा? आजींनी हातानं दाखवलं, तोंडानं आवाज काढला, आणि शेजारच्या ओट्यावरचे एक आजोबा अंधारातून म्हणाले, असा नाही, असा. पुढची काही मिनिटं दोघांचा मागाच्या आवाजावरून वाद. गल्लीतली सगळी पोरं भोवती जमली होती.

पुढे चौकात डीपीजवळ, म्हणजे गल्ल्यांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरजवळ, दोन लाईनमन दिसले. वादळात फांदी पडून अकरा केव्हीची तार तुटली होती, आणि ती जोडून लाईन सोडल्यावर इथला डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडाला होता. कोणावर बोट ठेवायला हे पत्र लिहिलेलं नाही. उलट त्या दोघांचं काम मुलांनी जवळून पाहिलं याचा मला आनंद आहे. आधी फोनवरून उपकेंद्राकडून परमिट घेतलं, मग लांब काठीनं तारेला अर्थिंग दिलं आणि मगच एक जण वर चढला. खालच्यानं मुलांना मागे सरकवलं, पण प्रश्नांना उत्तरं दिली. दिवसा तापलेल्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल रात्री निवायला हवं. अशा दिवसांत रात्रीही हवा निवत नाही आणि प्रत्येक घरात कूलर चालू असतो, त्यामुळे त्याला उसंत मिळत नाही, असं त्यानं साध्या शब्दांत सांगितलं. एका डीपीवर किती गल्ल्या आहेत हे त्या रात्री उघड दिसत होतं. रस्त्याच्या अलीकडे मिट्ट काळोख, पलीकडे पंखे सुरू. विज्ञानाच्या सरांना माझी विनंती आहे की या एका चौकावर एक तास घ्या. फ्यूज म्हणजे काय, तारा उंचावर का, अर्थिंग कशासाठी, हे सगळं तिथं डोळ्यांसमोर आहे.

मग जवाहर गेट. रोज त्याच्याखालून जा-ये करतो. आजींनी आम्हाला थांबवलं आणि तटाच्या कडेनं थोडं चालवलं. पवनीची जुनी वस्ती तीन बाजूंनी तट आणि खंदकानं वेढलेली आहे, चौथ्या बाजूला वैनगंगा. मुळात हा तट मातीचा आणि फार जुना, दगडी काम त्यावर नंतरच्या काळात चढलं. आजी म्हणाल्या, पवन राजानं बांधला. मुलानं लगेच विचारलं, तुम्हाला कसं माहीत? आजी म्हणाल्या, माझ्या आजीनं सांगितलं. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, आणि त्याचं उत्तरही. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली कथा खोटी म्हणून झटकू नका आणि इतिहास म्हणून फळ्यावरही लिहू नका. दोन रकाने करा. एकात लोक काय सांगतात, दुसऱ्यात खोदकामात काय निघालं, कोरीव लेखात काय आहे. सातवीच्या मुलाला हा फरक कळतो. माझ्या मुलाला त्या तटाखाली उभ्या उभ्या कळला.

दुसरा रकाना भरायला पवनीत काही कमी नाही. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नावानं त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळसमुद्र तलावाजवळच्या जगन्नाथ टेकडीच्या पोटात मौर्यांच्या आधीपासून सातवाहनांपर्यंतच्या काळाशी नातं सांगणारा बौद्ध स्तूप निघाला. चांडकापूरच्या टेकडीवर, जिला आपण सुलेमान टेकडी म्हणतो, तिथं दुसरा. दगडी कठड्यांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली होती. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्प होतं आणि त्यावर नावही कोरलेलं होतं. याच गावात भार वंशाचा राजा भगदत्त याचा शिलालेख सापडला, तो महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाचून प्रसिद्ध केला. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभही पवनीचाच. सांचीचा मोठा स्तूप आपल्या मुलांना चित्रावरून ओळखता येतो. त्याचा व्यास सुमारे साडेछत्तीस मीटर. जगन्नाथ टेकडीवरच्या स्तूपाचा साधारण ३८ मीटर. सांचीहून मोठा स्तूप ज्यांच्या सायकलच्या टप्प्यात आहे, त्या मुलांना हे शाळेतच कळायला हवं.

त्या रात्री मात्र आम्ही टेकडीवर गेलो नाही. उन्हाळ्यात अंधारात तिथं साप-विंचवाची भीती, आणि आजींनीच मनाई केली. गेटवरून आम्ही घाटाकडे उतरलो. दिवाणघाटावर आमच्यासारखीच बरीच मंडळी आली होती. पायऱ्या अजून गरम होत्या, पण पाण्यावरून येणारी हवा सुसह्य होती. आजी पायरीवर बसल्या आणि नदीचं बोलल्या. त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात वैनगंगा बारीक व्हायची, पात्रात वाळू उघडी पडायची, आणि ढिवर समाजाची माणसं त्या वाळूत टरबूज आणि डांगराच्या (खरबुजाच्या) वाड्या लावायची. रात्री राखणीला झोपड्या असत आणि त्यांच्यातले कंदील घाटावरून दिसत. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, पुढे पवनीच्या वरच्या अंगाला धरण अडलं आणि इथलं नदीचं वाहणं बदललं.  शेताला पाणी मिळतं हे खरं, वाड्या गेल्या हेही खरं. आजींनी दोन्ही सांगितलं.

मुलानं पाण्यात हात घातला, बाहेर काढून वास घेतला आणि नाक मुरडलं. हा वास कशाचा, याचं उत्तर आजींकडे नव्हतं, ते भूगोलाच्या मॅडमकडे आहे. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीत, नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि ते वर धरणाच्या पाण्यात साचून तिथून इथवर येतं. जलपर्णी का वाढते, मासे का मरतात, मासेमारी करणाऱ्या घरातलं मूल शाळेत का येत नाही, हे धडे वेगवेगळ्या पुस्तकांत आहेत. घाटावर ते एकाच जागी भेटतात. मुलांना नकाशावर या नद्या काढायला लावाच, पण त्याआधी एकदा त्यांना त्या पायरीवर बसवा.

रात्रभर लाईन आली नाही. पहाटे पाचलाच सगळे उठलेले. आजी म्हणाल्या, आता चाला टेकडीवर. त्या स्वतः तलावाच्या काठी बसल्या आणि आम्हाला वर धाडलं. त्यांचे वडील उत्खननाच्या वेळी तिथं मजुरीला होते. मागाला काम कमी झालं की जे मिळेल ते करावं लागायचं. दुपारी त्यांची भाकर घेऊन आजी जायच्या, तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या. ब्रशनं माती झाडणारे साहेब, दोऱ्यांनी आखलेले चौकोन, प्रत्येक खापराला लावलेली चिठ्ठी, हे त्यांना लख्ख आठवतं. वडील घरी येऊन सांगायचे, आज एक दगड निघाला, त्यावर नाग होता. तो मुचलिंदाचाच दगड होता की दुसरा, हे मी ठरवू शकत नाही, आणि आजीही तसा दावा करत नाहीत. पण ज्या घरात पवनीच्या उत्खननाची ही आठवण आहे, ते घर आमच्या भिंतीला लागून आहे. अशी घरं तुमच्या वर्गातल्या मुलांच्या गल्ल्यांतही असतील.

टेकडीबद्दल एक गोष्ट जपून सांगावीशी वाटते. वर जगन्नाथाचं देऊळ आहे, पोटात स्तूप आहे. आपल्या वर्गांत दोन्हींवर श्रद्धा असलेल्या घरांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. काही शिक्षक वादाच्या भीतीनं हा विषयच टाळतात. टाळू नका. रुयाडच्या महास्तूपाला लांबून माणसं येतात, पंचमुखी गणपतीला विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक म्हणून येतात, आणि दोन्हीकडे जाणारी वाट पवनीतूनच निघते. एकाच जागेवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी हात जोडले, एवढं शांतपणे सांगितलं की मुलं ते समजून घेतात. आणि गणिताच्या सरांसाठी, ३८ मीटर व्यासाचा परीघ मुलांना आधी वहीत काढू द्या, मग टेकडीवर चालून मोजू द्या. सुमारे १२० मीटर येतो. माझ्या मुलानं पावलं मोजली, हिशेब जुळला नाही, मग त्यानं स्वतःचं पाऊल किती लांब पडतं ते मोजलं. गणितातल्या ‘पाय’चा (π) त्याला पहिल्यांदाच कुठेतरी उपयोग झाला.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पवनीतल्या शिक्षकाच्या डोक्यावर काय काय असतं हे आम्ही पालक बघतो. मतदार यादीचं (बीएलओचं) काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं, शालेय पोषण आहाराचा हिशेब. त्यात आणखी एक उपक्रम म्हटलं की कपाळाला आठी पडणारच. म्हणून यासाठी अहवाल, फोटो, बॅनर काहीही करू नका असं मी म्हणेन. प्रशस्तिपत्र तर नकोच. एका वर्गाला एक म्हातारा माणूस आणि दोन पालक, एवढं पुरे. पालकांची परवानगी घ्या, घाटावर पाण्याजवळ मोठं माणूस असू द्या, आणि चालणं सकाळी नऊच्या आत संपवा. मुलं गटात गेली तर बरं, पण सबंध शाळेची रांग नको. रांगेत पुढच्याच मुलाला ऐकू येतं.

दुसरी शंका, ही माणसं बोलतील का? शाळेच्या मंचावर बोलावून माईक दिलात तर नाही बोलणार. आजींना एकदा एका कार्यक्रमात हार घालून बसवलं होतं, त्या चार वाक्यं बोलून गप्प झाल्या. चालताना मात्र त्यांना थांबवावं लागतं. आपल्या झाडीकडची माणसं वाट चालता चालता बोलतात, आणि आपल्याच बोलीत बोलतात. ती बोली मुलांनी वहीत जशीच्या तशी उतरवली तर कृपा करून लाल शाईनं सुधारू नका. मुलाला प्रमाण मराठी यायलाच हवी, पण आजीचं वाक्य आजीच्याच तोंडचं राहू द्या.

घाई का, तेही सांगते. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे होते. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशीच्या पुढे आहे. १९७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर टोपलं उचलणारा पंचविशीचा मजूरही आता ऐंशीकडे आलाय. पाजणी बघितलेल्या बाया थोड्याच उरल्यात. पुस्तकं राहतील, उत्खननात निघालेले दगड संग्रहालयांत सुरक्षित आहेत. ही माणसं राहणार नाहीत, आणि पवनीचा बराचसा भाग फक्त त्यांच्याकडेच आहे. आपण दर वर्षी मुलांना रामटेक दाखवतो, नागपूर दाखवतो. जरूर दाखवावं. पण ज्या मुलाला आपल्या दारासमोरची गल्ली सरळ का हे माहीत नाही, त्याला रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननाचं तरी काय वाटेल?

उन्हाळा चालण्याचा नाही, पावसाळ्यात टेकडी घसरडी असते. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दोन महिने चांगले. तेव्हा बाळसमुद्रात पाणी असतं, गवत वाळलेलं असतं आणि सकाळी ऊन हवंहवंसं वाटतं. धानाची कापणी-मळणी सुरू असल्यानं खेड्यांतल्या काही मुलांना घरी काम असतं, तेवढं बघून दिवस ठरवावा लागेल. तालुक्यातल्या शाळांनी पवनीला यायलाच हवं असंही नाही. तुमच्या गावात मामा (माजी मालगुजारी) तलाव असेल, तो कोहळी समाजाच्या माणसांनी कसा बांधला, पाळ कोणी राखली, पाणी कोणत्या बांधीला (धानाच्या शेताला) आधी जायचं, हे सांगणारं कोणीतरी तिथं अजून आहे.

शाळा उघडल्यावर पहिल्या पालकसभेत हा विषय घ्यावा, ही विनंती. कोष्टी गल्ली, गेट आणि घाट एवढ्यासाठी आजी एका वर्गाबरोबर यायला तयार आहेत. माग बघितलेले ते ओट्यावरचे आजोबाही येतो म्हणाले आहेत. टेकडीवर मुलांना घेऊन चढेल असं मात्र अजून कोणी मिळालं नाही, आजींच्या गुडघ्याला चढ झेपत नाही. उत्खननावर काम केलेलं किंवा ते जवळून पाहिलेलं कोणी तुमच्या माहितीत असेल, तर त्यांना आधी विचारून ठेवा.

आपली,
एक पालक, पवनी